किटोन घेऊन धोंडे खायला

परत आल्यापासून स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न विचारतात, "काय सर, चाललं का तुमचं ते किटोन?" हो म्हटलं तर खोटं होईल आणि नाही म्हटलं तर तेही खोटंच. खरं उत्तर द्यायचं तर माझे साडू, धारूरचा घाट आणि केजचा एक दवाखाना एवढं सगळं सांगावं लागतं, आणि तेवढ्यात तासाची घंटा होते. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

मी मूळचा चिपळूणचा. पुण्यात भूगोल शिकवतो. पन्नाशी दिसायला लागली तसं मला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड लागलं. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या फेरीत शेवट जवळ आला असताना माझे पाय एकाएकी रिकामे झाले. रिकामे म्हणजे कसे, तर टाकीतलं पेट्रोल संपल्यावर स्कूटर जशी दोन आचके देऊन गप्प होते तसे. मी बाभळीखाली बसलो आणि टेम्पोतून घरी आलो. येत्या हिवाळ्यात तीच फेरी पुरी करायची, हे मी बायकोसमोर बोलून बसलो होतो. तिथंच माझा घात झाला.

सायकलच्या ग्रुपमधल्या एका मित्रानं किटोनचं नाव काढलं. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळून किटोन नावाचं इंधन बनवतं. आता तेच इंधन बाटलीत मिळतं. ते प्यायलं की पायांतली साखरेची शिल्लक म्हणे जपून वापरली जाते. परदेशातले मोठे शर्यतवाले पितात, आणि ज्यांनी अभ्यास केलाय त्यांचं मात्र आपसांत जमत नाही. कुणी म्हणतं फायदा होतो, कुणी म्हणतं नुसतं पोट बिघडतं. मी भूगोलवाला. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय माझा नकाशावरही विश्वास नसतो. मोजक्या चपट्या बाटल्या मागवल्या, गोड आणि भाकरी-पोळी बंद केली आणि लांबची एक चाचणी घ्यायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात माझी बायको मेधा म्हणाली, "धोंड्याचा महिना लागलाय. आबांचा फोन होता."

आबा म्हणजे माझे सासरे. मेधाचं माहेर युसूफ वडगावचं, केज तालुक्यात. आमच्या कोकणात अधिक महिन्यात जावयाच्या हातावर अनारसे ठेवले की सासरचे मोकळे होतात. मराठवाड्यात ते तेवढ्यावर भागत नाही. तिथं जावयाला बोलावतात, पाय धुतात, नवे कपडे करतात आणि धोंडे खाऊ घालतात. धोंडा म्हणजे गव्हाच्या पारीत पुरण भरून उकडलेला किंवा तळलेला ऐवज, वर तुपाची धार. तो हातात घेतला की नावाचा उगम समजतो.

"मी सायकलवर येतो," मी म्हणालो. "चाचणीही होईल."

मेधानं माझ्याकडे बघितलं. "साखर बंद करून तू धोंडे खायला येणार?"

"धोंडे संध्याकाळी. चाचणी सकाळी."

ती दोन दिवस आधी गाडीनं गेली. मी मागून निघालो.

नेकनूर

पहाटे बीडला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सायकल काढली, चाकं बसवली आणि मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूरच्या रस्त्याला लागलो. हा दिवस किटोनशिवायचा, नुसता पाय मोकळे करायचा. आभाळ भरलेलं पण पडत नव्हतं. दोन्ही बाजूंना गुडघाभर सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, लांबवर कापूस. आमच्याकडे श्रावणात डोंगर समोरून अंगावर येतात. इथं जमीन नुसती पसरत जाते आणि वारा कुणालाही न विचारता समोरून येतो.

नेकनूरला चहाला थांबलो. माझी घट्ट चड्डी आणि हेल्मेट बघून बाकावरची मंडळी सरकून बसली.

"कुठं निघाला पावणं?" पागोटेवाल्या एका आजोबांनी विचारलं.

"सासुरवाडीला. युसूफ वडगावला. धोंड्याला."

बाकावरचे सगळे माझ्या सायकलकडे बघायला लागले. मग आजोबा हळूच म्हणाले, "सायकलवर? कावून? गाडी न्हाई का दिली सासऱ्यानं?"

मी हौस, व्यायाम वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "सासरचं नाव खाली पडू देत न्हाई. गुणाचा जावई हाय." हॉटेलवाल्यानं न मागता भज्यांची बशी पुढं केली. धोंड्याला चाललेला जावई आपल्या दारावरून उपाशी जाऊ नये म्हणून. ती भजी मी गुपचूप खाल्ली. पायांना त्यांची गरज नव्हती, पण त्या आजोबांना होती.

युसूफ वडगाव

वेशीतच दोन पोरं मोटारसायकलवरून पुढं पळाली, त्यामुळे मी पोचायच्या आत मी येतोय ही बातमी पोचली होती. अंगणात मेधा उभी. पुण्यात ती मला नावानं हाक मारते. माहेरचा उंबरा दिसला की "अहो" होते. "अहो, आधी चड्डी बदला," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

ओसरीवर माझे साडू, उद्धवराव, आधीच लोडाला टेकून बसले होते. हे थोरले जावई, म्हणजे मेधाच्या बहिणीचे, विमलताईचे नवरे. तेलगावचे, उसाचे मोठे बागायतदार. तरुणपणी कबड्डीत त्यांनी पाय पकडला की समोरचा घरीच जायचा, असं अख्खं सासर सांगतं. अंगानं अजून तसेच आहेत. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून घरात त्यांची पदावनती झाली. पूर्वी सासूबाई त्यांच्या पानावर पोळी वाढायला लागल्या की हात धरून थांबवावं लागायचं. आता त्या मला आग्रह करतात आणि त्यांच्यासमोर रोज सकाळी काडेचिराईताचं पाणी ठेवतात. रात्री त्या काड्या पेल्यात भिजत घालायच्या, पहाटे पाणी गाळून प्यायचं. जहर कडू.

"या, साडभाऊ!" ते गरजले. "आमी ऊस पिकवायचा आन् तुमी साखर सोडायची. मग आमी जगावं कसं?"

जेवताना मी भाकरीला नाही म्हणालो तेव्हा सासूबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं. मला बाटली आणून दाखवावीच लागली. सगळ्यांनी ती आळीपाळीनं हुंगली. आबा म्हणाले, "रंगाच्या डब्यात घालायचं टर्पेंटाइन हाय हे."

"चवीला त्याहून वाईट," मी म्हणालो. "मी नाक दाबून एका दमात पितो. पण आबा, साखर न खाता ताकद देतं ते. हीच तर गंमत आहे. साखरेशिवाय ताकद."

हे वाक्य मी दोनदा म्हणालो. वर्गात महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणायची सवय. उद्धवरावांनी बाटली जरा जास्त वेळ हातात धरली होती, हे मला आता आठवतं.

झोपण्यापूर्वी मी सायकलच्या बाटलीत पाणी घातलं, त्यात किटोन मिसळलं आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सासूबाईंच्या झाकलेल्या पेल्याशेजारी ठेवली.

धारूरचा घाट, तेलगाव

फटफटायला लागलं तसा निघालो. अंगणातच नाक दाबून अर्धी बाटली रिचवली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मनाशी म्हटलं, हीच ती चव.

आणि काय सांगू, पाय उडायला लागले! केज कधी मागं पडलं कळलं नाही. धारूरच्या अलीकडे चढ सुरू झाले, तिथं मी एरवी गिअर खाली टाकतो आणि देवाचं नाव घेतो. त्या दिवशी मी चढावर शीळ घालत होतो. धारूरचा किल्ला डाव्या हाताला ढगात अर्धा बुडालेला. त्याच्याकडे बघून मी चक्क हात हलवला. घाटाच्या तोंडाशी उरलेली अर्धी बाटली संपवली. उतारावर दोन्ही बाजूंना सीताफळाची झुडपं, हिरवीगार, खाली तेलगावकडची उसाची रानं. माझ्या डोक्यात ग्रुपवर टाकायचा मजकूर तयार होत होता. "मित्रांनो, शंका मिटली."

उद्धवरावांनी बजावलं होतं, तेलगावला गेलात तर घरी पाणी पिल्याशिवाय परतायचं न्हाई. त्यांच्या आईंनी, मी त्यांना काकू म्हणतो, दारातच विचारलं, "सायकलवर आलाव? कावून बाबा? गाडीला काय झालं?" मी पुन्हा व्यायाम, हौस. त्यांनी धपाटे, दही आणि ठेचा पुढं ठेवला. मी म्हणालो, "काकू, फक्त दही घेतो." त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण चाचणी म्हणजे चाचणी.

दह्याचा पहिला चमचा तोंडात असताना मेधाचा फोन आला.

"अहो, कुठं आहात? उद्धवभाऊजींना केजला दवाखान्यात आणलंय. सकाळपासून मळमळ, पोटात कळा, मग घेरी आली. संध्याकाळी भरपूर खायचं म्हणून सकाळी काही खाल्लं नव्हतं, नुसती गोळी घेतली. डॉक्टरांनी लघवी तपासली तर..." तिचं "अहो" गळून पडलं. "शिरीष, त्यात किटोन आलेत. खूप. डॉक्टर म्हणतात साखरेच्या रोग्याला हे झालं तर जिवावर बेततं. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणतात. ताई रडतेय. तुझ्या त्या बाटलीवर हाच शब्द होता ना?"

"पण ती बाटली तर मी प्यायलोय!"

"सगळी?"

"सगळी. ही रिकामी माझ्या हातात आहे."

आणि ती खरोखर माझ्या हातात होती. मी झाकण उघडून नाकाशी नेली. टर्पेंटाइनचा वास नाही. ओल्या पाल्यासारखा वास. तळाशी थेंबभर राहिलं होतं, ते नाक न दाबता जिभेवर घेतलं. कडू, पण हा वेगळा कडू. बुडाशी काडीचा एक बारीक तुकडा चिकटला होता.

काकू जवळ आल्या, बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "हे तर काडेचिराईत हाय. तुमालाबी साखर हाय का?"

मी फोन पुन्हा कानाला लावला. "मेधा, फोन उद्धवरावांना दे. लगेच."

थोडी खुडबुड झाली. मग बारीक आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी आधी ऐकला नव्हता. "बोला, साडभाऊ."

"उद्धवराव, माझी बाटली तुम्ही प्यायलात?"

"घाट कसा झाला?" त्यांनी उलट विचारलं.

"उद्धवराव, तुम्हाला अंबाजोगाईला नेतायत. ताई रडतायत. काकू इथं माझ्यासमोर उभ्या आहेत."

"आईला सांगू नका," ते म्हणाले. मग, "पिलो. पहाटं पिलो. तुमीच म्हणला ना, साखरंशिवाय ताकद. मला वाटलं, हे तर आपल्यासाठीच काढलंय. कडूच प्यायचं तर ताकदीचं पिऊ. घोटभर घ्यायला गेलो, आन् सगळीच संपली. मग वाटलं, तुमी घाटात उपाशी पडाल. म्हणून आमचं पाणी तुमच्या बाटलीत ओतलं."

"आणि डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"विमल हितंच उभी हाय," ते कुजबुजले.

मी म्हणालो, "डॉक्टरांना द्या."

डॉक्टर बाई होत्या, आवाज तरुण आणि चिडलेला. मी सगळं सांगितलं. पिशवीतल्या रिकाम्या चपट्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून वाचला. मग म्हणाल्या, "साखर वाढलेली नाही आणि किटोन एवढे, म्हणून मी गोंधळले होते. यांची जी गोळी आहे तिच्यामुळं कधीकधी साखर न वाढताही किटोन वाढतात. मी ॲम्ब्युलन्स बोलावली होती. आता इथंच ठेवते, सलाइन लावते, पुन्हा पुन्हा तपासते. किटोन उतरत गेले तर ठीक. नाही उतरले तर मग तुमची गोष्ट खरी असो की खोटी, मी अंबाजोगाईला पाठवणार."

फोन ठेवला. काकूंना मी एवढंच सांगितलं की उद्धवरावांचं पोट बिघडलंय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि धपाट्यांचं ताट परत पुढं सरकवलं. यावेळी मी सगळं संपवलं. वर गोड चहा. गावातला एक जीपवाला सोडायला तयार होता, पण तो बैलपोळ्याच्या गप्पा मारत डिझेल आणायला गेला तो गेलाच. मला बसवेना. मी सायकलवर टांग मारली.

तो घाट मी उलटा कसा चढलो ते सांगण्यासारखं नाही. वारा तोंडावर, धपाटे पोटात, आणि डोक्यात एकच, की त्या माणसाला काही झालं तर मी वर्गात कुठलंच वाक्य दोनदा म्हणू शकणार नाही. अर्ध्या घाटात पाय पुन्हा रिकामे झाले, बाभळीखाली झाले होते अगदी तसे. उतरलो आणि सायकल ढकलत चालू लागलो. एका सीताफळाच्या झुडपाजवळ शेळ्या राखत बसलेल्या दोघींनी विचारलं, "सायकल बिघडली का दादा?" म्हटलं, "सायकल नाही, मी बिघडलोय." त्यांनी ओच्यातला गुळाचा खडा दिला. तो चघळत वर पोचलो.

केज

दवाखान्यात उद्धवराव खाटेवर सलाइन लावून पडले होते. खाट त्यांना आखूड होत होती. विमलताई पायाशी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मेधानं मला हातानंच खूण केली, ठीक आहे. किटोन उतरत होते.

डॉक्टरबाई आल्या. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. आधी उद्धवरावांना झाडलं, "घेतलं ते घेतलं, पण सांगायला काय झालं होतं? मी तुमच्यावर भलतेच उपचार सुरू केले असते तर?" मग माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही. ओट्यावर ठेवायची वस्तू आहे ती? ज्याला साखर आहे, त्याच्यासमोर त्याचं कौतुक करता?" मी मान खाली घातली. विद्यार्थ्याच्या बाजूनं ही गोष्ट फार वर्षांनी अनुभवली.

जाता जाता त्या दारात थांबल्या. "एक विचारू? तुम्हाला काय फरक पडला त्यानं?"

"सकाळी मी आयुष्यातली सगळ्यात भारी सायकल चालवली," मी म्हणालो. "काडेचिराईत पिऊन."

त्या पहिल्यांदाच हसल्या. खाटही हलायला लागली, कारण उद्धवराव पोट धरून हसत होते. फक्त विमलताई हसली नाही.

उरलेल्या बाटल्यांचं इथंच सांगून टाकतो. त्या मी नंतर पुण्यात, कडीकुलुपात ठेवून, प्यायलो. एकदा पोट बिघडलं आणि मी पेट्रोल पंपाच्या मागं धावलो. एकदा मस्त चालवली, पण तेव्हा वारा पाठीवर होता. त्यापलीकडे मला काही कळलेलं नाही. ज्यांना कळलंय त्यांनी खुशाल प्यावं.

पुन्हा युसूफ वडगाव

दिवस मावळायच्या आत घरी सोडलं. पाट मांडले होतेच. आबांनी दोघांचे पाय धुतले. उद्धवराव एरवी अशा वेळी थट्टा करतात, पण सासऱ्याचे हात पायाला लागल्यावर त्यांनी नुसते हात जोडले. आबा वाकलेलेच म्हणाले, "आमच्या पोरीला घाबरवू नका. लई जीव हाय तिचा तुमच्यावर."

डॉक्टरबाईंच्या परवानगीनं त्यांना अर्धा धोंडा मिळाला. मला सासूबाईंनी इतके वाढले की मी मोजणं सोडून दिलं. तूप, पुरण, वेलदोडा. तो घाट दिवसभरात दोनदा पार केल्यावर खरंच सांगतो, असलं काही मी कधी खाल्लं नव्हतं. विमलताई वाढत होती. मला "घ्या भाऊजी", आबांना "घ्या आबा". नवऱ्याच्या पानाशी आली की मुकाट. जेवणं झाली, पानसुपारी झाली, तरी ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. उद्धवराव दोनदा उगीच खोकले. उपयोग झाला नाही.

सकाळी मी निघायच्या तयारीत अंगणात चाकात हवा भरत होतो. उद्धवराव आले. सायकलभोवती एक फेरी मारली. "डॉक्टरीण म्हणली, चालत जा न्हाईतर सायकल चालवा. ताकद बाटलीतून येत न्हाई म्हणली." मग एकदम, "एक चक्कर मारू का?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि बसले. सायकल कण्हली. पहिल्यांदा भिंतीकडे गेली, मग गोठ्याकडे, मग वेशीच्या दिशेनं सुटली. पारावरची मंडळी उठून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "अरे, थोरलं जावई निघालं!" मी मागं धावलो, पण कालचे पाय अजून माझे झाले नव्हते.

आम्ही वेशीत उभे राहिलो. मेधा, आबा, सासूबाई, मी. बराच वेळ झाला. रस्ता रिकामा. विमलताई घरातून बाहेर आली, पदरानं हात पुसत, आणि काही न बोलता आमच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिची मान सारखी लांब होत होती.

मग ओढ्याच्या बाजूनं, जिकडून कुणी वाट बघत नव्हतं तिकडून, उद्धवराव आले. पायी. सायकल हातात, मागचं चाक पंक्चर. शर्ट घामानं चिकटलेला, धोतराला चिखल, आणि तोंडभर हसू. कबड्डीच्या दिवसांतले उद्धवराव मी पाहिलेले नाहीत, पण ते असेच दिसत असावेत.

"काटा घुसला, साडभाऊ," ते लांबूनच ओरडले. "पर मजा आली!"

विमलताई दोन पावलं पुढं गेली. त्यांना नखशिखांत बघितलं, कुठं लागलंय का ते. मग म्हणाली, "पुढच्या खेपंला काय प्यायचं असंल तर आधी मला इचारायचं."

उद्धवरावांनी आम्हा सगळ्यांकडे एक विजयी नजर टाकली. बायको बोलली होती. "आन् इचारलं तर देशील का?"

"न्हाई."

"मग इचारू कशाला?"

"मी न्हाई म्हणलेलं ऐकायला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातून सायकल काढून घेऊन स्वतः ढकलत घराकडे निघाली.